दोन डॉलरची चूक

गेले दोन शनिवार लिहायला बसतोय आणि चहा पिऊन उठतोय. आज ठरवलं, लिहून टाकायचंच.

विषय माझ्या एका चुकीचा आहे. चूक एका फॉर्म्युल्यातली, एक्सेलच्या एका सेलमधली. ऑफिसच्या कामात असती तर रिव्ह्यूमध्ये कुणीतरी पकडली असती, दोन मिनिटं चेष्टा झाली असती, संपला विषय. पण ती शीट ऑफिसची नव्हती. माझ्या आतेभावाच्या फुप्फुसांची होती.

दादा मिरजेचा. हायस्कुलात अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. सहा फूट उंची, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा झोपायची नाहीत. २०१९ च्या आसपास त्याला कोरडा खोकला लागला. मग जिना चढताना धाप, मग फळ्यावर लिहिताना धाप. निदान झालं पल्मनरी फायब्रोसिस. म्हणजे फुप्फुसाची मऊ जाळी हळूहळू जखमेच्या व्रणासारखी जाड आणि ताठ होत जाते. का होते याचं कारण त्याच्या बाबतीत कुणाला सापडलं नाही. २०२२ च्या दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा तो ऑक्सिजनच्या मशिनला जोडलेला होता आणि नळी पुरेल तेवढंच त्याचं घर उरलं होतं. पलंग, मोरी आणि रस्त्याकडची खिडकी.

जून २०२३ मध्ये चेन्नईला त्याचं दोन्ही फुप्फुसांचं रोपण झालं. फुप्फुसं कुणाची ते आम्हाला माहीत नाही आणि कळणारही नाही. रात्री अडीचला ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेलो असताना सारखं वाटत होतं, की आपण इथे देवाला हात जोडतोय आणि कुठल्यातरी दुसऱ्या गावात आत्ता याच वेळी एका घरात रडारड चाललेली असणार. असो. तो वेगळा लेख होईल.

रोपणानंतर लगेच गावी जाता येत नाही. काही महिने हॉस्पिटलच्या जवळ राहावं लागतं. दोन खोल्या भाड्याने घेतल्या. वहिनी कायमच्या तिथे आणि बाकी घरातल्यांनी पाळ्या लावल्या. मी लॅपटॉपवर कुठूनही काम करू शकणारा माणूस, त्यामुळे माझ्या पाळ्या जास्त. सकाळी इडली, दिवसभर कॉल्स, संध्याकाळी दादाला मास्क लावून गच्चीवर चालायला न्यायचं, असा दिनक्रम.

फुप्फुस बदललेला पेशंट घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर नोंदींचा एक कारखाना घरी येतो. ताप, बीपी, वजन, साखर, गोळ्यांच्या वेळा, बोटाला लावून बघायचा ऑक्सिजन आणि रोज सकाळी स्पायरोमीटर. स्पायरोमीटर म्हणजे हातात मावणारं यंत्र. छातीभर श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून फुंकायचं. पहिल्या एका सेकंदात किती लिटर हवा बाहेर आली हा त्यातला महत्त्वाचा आकडा. त्याला एफईव्ही-१ म्हणतात. दादा त्या यंत्राला 'फुंकणी' म्हणायचा. "चूल पेटली का रे?" असं रोज विचारायचा.

वहिनी हे सगळं एका चाळीसपानी वहीत पेन्सिलीने लिहायच्या. मी सॉफ्टवेअरवाला. मला कुठलं बघवणार! म्हटलं, "वहिनी, तुम्ही लिहा हवं तर, पण मी शीट करून देतो. आकडा बिघडला की आपोआप लाल होईल." आणि खरंच, दोन तासांत फर्स्टक्लास शीट केली. प्रत्येक रकान्याला मर्यादा घातल्या. ठीक असेल तर हिरवं, सीमेवर असेल तर पिवळं, बिघडलं तर लाल. दर रविवारी तिचा फोटो हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर बाईंना पाठवायचा.

फुंकणीबद्दल हॉस्पिटलच्या कागदावर सूचना अगदी स्वच्छ होती. आकडा बेसलाइनपेक्षा दहा टक्के किंवा त्याहून जास्त घसरला तर लगेच कळवा. दादाची बेसलाइन होती २.४० लिटर. मी पहिल्या ओळीत २.४० लिहिलं, दुसऱ्या ओळीत 'आजचा आकडा वजा वरचा सेल, भागिले वरचा सेल' असा फॉर्म्युला लिहिला आणि माऊसने धरून खाली ओढला. टेस्टसुद्धा केली! दुसऱ्या ओळीत खोटा २.०० टाकला, लगेच लाल झालं. शाबास म्हटलं स्वतःला.

एक्सेल वापरणाऱ्यांच्या आत्तापर्यंत लक्षात आलं असेल. फॉर्म्युला खाली ओढला की त्यातला सेलही खाली सरकतो. तो एका जागी खिळवायचा तर अक्षराआधी आणि आकड्याआधी डॉलरचं चिन्ह टाकावं लागतं. दोन डॉलर. ते मी टाकले नाहीत. दुसऱ्या ओळीत तुलना बेसलाइनशी होत होती, पण तिसऱ्या ओळीपासून प्रत्येक दिवसाची तुलना फक्त कालच्या दिवसाशी व्हायला लागली. आणि मी टेस्ट केली होती नेमकी दुसऱ्या ओळीत.

आता एक आडवळण घेतो, पण ते लागणार आहे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर २०२० नंतर घरोघरी आला, पण त्यामागची कल्पना १९७४ सालची. जपानमध्ये ताकुओ आओयागी नावाचे एक इंजिनिअर रक्तात रंग सोडून हृदयातून किती रक्त वाहतं ते प्रकाशाने मोजायच्या प्रयत्नात होते. नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचा सिग्नल सारखा थरथरायचा. ती थरथर काढून टाकण्याच्या खटपटीत त्यांच्या ध्यानात आलं, की ठोक्याबरोबर बदलतो तो भाग फक्त धमनीतल्या रक्ताचा आहे. लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन प्रकाशांत तीच थरथर मोजली, तर त्या रक्तात ऑक्सिजन किती आहे ते कळतं. ज्याला ते नॉइज म्हणत होते तोच सिग्नल निघाला. आओयागी एप्रिल २०२० मध्ये गेले. अख्खं जग बोटाला त्यांचं यंत्र लावून बसायला लागलं होतं, त्या दिवसांत.

तर सप्टेंबरच्या शेवटी, रोपणाला तीन महिने होऊन गेल्यावर, दादा एका रात्री म्हणाला, "अरे, आडवं झालं की उजवीकडे शिट्टी वाजल्यासारखं वाटतंय." मी उठलो, बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९७. म्हटलं, "दादा, ९७ आहे. माझा ९६ असतो. झोप." दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. ९७. तिसऱ्या रात्री त्याने मला उठवलंच नाही.

रविवारी शीटचा फोटो पाठवला. सगळं हिरवं. पुढच्या रविवारीसुद्धा सगळं हिरवं.

मंगळवारी सकाळी मी कॉलवर होतो. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात वही. कॉल संपेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या कॉम्प्युटरला कळत असेल, पण मला एक सांगा. या पानाच्या वरती २.३७ आहे आणि खाली १.९२. चालतं का असं?"

मी शीट उघडली. २.३७, २.३४, २.३१, २.२८... रोज साधारण तीस मिलिलिटर कमी. एकेका दिवसाची घट एक-दीड टक्का. दहा टक्क्यांच्या जवळपासही नाही, त्यामुळे प्रत्येक सेल हिरवागार. सोळा दिवसांत २.४० चे १.९२ झाले होते, म्हणजे वीस टक्के घट. दहा टक्क्यांची रेषा आठव्या दिवशीच ओलांडली होती. आठ दिवस मी हिरवा रंग बघत बसलो होतो.

त्याच दुपारी ब्राँकोस्कोपी झाली. श्वासनलिकेतून बारीक कॅमेरा आत सोडतात. श्वासनलिका छातीत शिरल्यावर दोन फुप्फुसांसाठी तिच्या दोन फांद्या होतात. रोपणात दादाच्या फांद्यांची टोकं दात्याच्या फांद्यांच्या टोकांना शिवलेली. डाव्या बाजूचा सांधा छान गुलाबी होता. उजव्या बाजूचा पांढुरका, व्रणाने आवळलेला, आणि दहा-बारा मिलिमीटरच्या नळीत चारेक मिलिमीटरची वाट उरलेली. ती शिट्टी तिथे वाजत होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. मला ते चित्र अजून आठवतं. एक फुप्फुस बसवताना तीन जोडण्या करतात. एक, हवेची नळी. दोन, हृदयाकडून फुप्फुसाकडे अशुद्ध रक्त नेणारी मोठी वाहिनी. तीन, शुद्ध झालेलं रक्त परत नेणाऱ्या शिरा, ज्या हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या एका तुकड्यासकट जोडतात. मी विचारलं, बस, एवढंच? डॉक्टर म्हणाले, एक चौथी असते. ती आम्ही जोडत नाही.

ही चौथी म्हणजे ब्राँकियल धमनी. फुप्फुसाला दोन रक्तपुरवठे असतात हे मला पंचेचाळीस वर्षं माहीत नव्हतं. मोठा पुरवठा शरीराच्या कामासाठी. सगळं अशुद्ध रक्त येतं, ऑक्सिजन भरून घेतं आणि जातं. छोटा पुरवठा खुद्द नळीच्या भिंतीसाठी. महाधमनीतून निघणाऱ्या दोन-तीन बारीक धमन्या हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जेमतेम एखादा टक्का घेतात आणि नळीच्या भिंतीला जगवतात. फुप्फुस काढताना त्या कापल्या जातात. त्या इतक्या बारीक, आणि माणसागणिक इतक्या वेगळ्या, की त्या शोधून जोडत बसण्यात वेळ जातो आणि वेळ तर तेव्हा अजिबात नसतो. मूत्रपिंड, यकृत, हृदय, सगळ्यांना त्यांची धमनी परत मिळते. शरीराच्या शुद्ध रक्ताची आपली धमनी न जोडता सर्रास बसवला जातो असा मोठा अवयव फुप्फुस हा एकच.

मग सांध्यापलीकडची दात्याची नळी जगते कशावर? फुप्फुसाच्या आतल्या केशवाहिन्यांमधून उलट्या दिशेने झिरपत येणाऱ्या रक्तावर. आणि ते रक्त येतं मोठ्या वाहिनीतून, म्हणजे बरंचसं अशुद्ध. नव्या केशवाहिन्या सांधा ओलांडून पलीकडे पोचायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर त्या भिंतीला ऑक्सिजनची उपासमार. आतून दिवसभर ऑक्सिजन वाहतोय, बोटाला ९७ दिसतंय आणि ज्या नळीतून तो वाहतोय तिच्याच पेशी उपाशी. आपल्याकडे म्हणतात ना, धरण उशाला आणि कोरड घशाला. तसंच.

भुकेलेली भिंत भरून येताना तीन गोष्टी होऊ शकतात. ती उसवते, किंवा तिच्यावर बुरशी बसते, किंवा व्रण इतका जाड होतो की नळी आवळते. दादाच्या नशिबी तिसरी आली. पहिल्या महिन्यात दुसरीही थोडी डोकावून गेली होती, म्हणून त्याला बुरशीविरोधी औषधाची वाफ चालू होती. तेव्हा मी ते औषध शीटमध्ये नुसतं एक ओळ म्हणून टाकलं होतं. का देतात हे विचारलं नव्हतं.

फुगा घालून नळी रुंदावली. दोन दिवसांत आकडा २.२५ वर आला. पाच आठवड्यांनी पुन्हा आवळली, पुन्हा फुगा. तिसऱ्या खेपेला सिलिकॉनची छोटी नळी, स्टेंट, आत बसवली.

पुण्याला परत आल्यावर मी वाचत सुटलो. अपराधी वाटलं की मी वाचतो, ही माझी जुनी खोड. आणि वाचताना कळलं, की फुप्फुस रोपणाचा अख्खा इतिहास या एका सांध्यापाशी अडखळलेला आहे.

माणसात पहिलं फुप्फुस रोपण अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठात डॉ. जेम्स हार्डी यांनी ११ जून १९६३ रोजी केलं. पेशंट ५८ वर्षांचा, जन्मठेप भोगणारा कैदी. तो अठरा दिवस जगला. पुढच्या वीस वर्षांत जगभर चाळीसेक प्रयत्न झाले. त्यातला सगळ्यात लांब पल्ला १९६८ मध्ये बेल्जियममध्ये गेंट इथे डॉ. देरोम यांच्या पेशंटने गाठला, तो साधारण दहा महिने. बाकीचे दिवसांत, आठवड्यांत गेले. रोपण त्याच सुमाराला हृदयाचंही सुरू झालं होतं, मूत्रपिंडाचं तर त्याआधीपासून. फुप्फुस मात्र पुढे सरकेना. जे पेशंट पहिले काही दिवस तगले, त्यांच्यात मोठं कारण एकच निघायचं, सांधा उसवला. १९७८ मध्ये टोरांटोत केलेल्या रोपणातही तिसऱ्या आठवड्यात तेच झालं.

टोरांटोच्या डॉ. जोएल कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग कुत्र्यांवर प्रयोग करून शोधलं, की हा सांधा का भरत नाही. एक कारण निघालं अवयव नाकारला जाऊ नये म्हणून देत असलेलं स्टेरॉइड. त्याच्या मोठ्या डोसांनी जखम भरणं मंदावत होतं. सायक्लोस्पोरिन हे तेव्हाचं नवं औषध तसं करत नव्हतं. दुसरं कारण रक्तपुरवठा. त्यावर त्यांनी काढलेला उपाय मला फार आवडला, अगदी आपल्या आज्यांनी केला असता तसा. पोटात आतड्यांवर चरबीचा एक पडदा पसरलेला असतो, त्याला ओमेंटम म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या भरपूर. तो पडदा वर छातीत ओढून घ्यायचा आणि गळ्याभोवती मफलर गुंडाळावा तसा सांध्याभोवती गुंडाळायचा. काही दिवसांत त्याच्या वाहिन्या नळीत शिरतात. नोव्हेंबर १९८३ मध्ये या पद्धतीने एक फुप्फुस बसवलेला त्यांचा पेशंट सहा वर्षांहून जास्त जगला. फुप्फुस रोपण यशस्वी झालं असं तिथून म्हणतात.

पुढे दोन्ही फुप्फुसं बसवायला लागल्यावर सुरुवातीला ती जोडीने, वरची श्वासनलिका एकाच ठिकाणी शिवून बसवत. तिथे पुन्हा तेच दुखणं. सांधा फुप्फुसापासून जितका लांब, तितकं ते झिरपत येणारं रक्त पोचायला अवघड. म्हणून मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या शिवायची पद्धत आली. दात्याची नळी जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवायची, शेपटाकडच्या गावाला पाणी पोचत नसेल तर कालवाच छोटा करायचा, तसं. नळी आखूड झाल्यावर मफलरची गरजही उरली नाही. कोपनहेगनमध्ये डॉ. पेटरसन यांनी १९९० च्या दशकात छातीतलीच एक धमनी वळवून ती चौथी जोडणीही करून दाखवली. होते, पण काम किचकट, म्हणून ती सर्रास कुणी करत नाही. आज सांधा सहसा उसवत नाही. तरी नळीच्या या तक्रारी होतातच, आणि त्यांचं प्रमाण बहुतेक ठिकाणी २ ते १८ टक्के देतात.

मी समजत होतो, की हा प्रश्न सुरुवातीच्या काही महिन्यांचा. तसा तो नाहीये. फुप्फुस बदललेल्या माणसांचं आयुष्य अजूनही इतर अवयवांच्या मानाने कमी, निम्मे पेशंट सहा-साडेसहा वर्षांच्या पुढे जातात एवढंच. त्याचं मुख्य कारण म्हणजे पुढे काही वर्षांनी बारीक नळ्या व्रणाने बुजत जातात. स्टॅनफर्डचे डॉ. मार्क निकोल्स आणि त्यांच्या गटाने असा प्रश्न विचारला, की या बुजण्याचं मूळही भिंतीच्या भुकेत असेल का? उंदराची श्वासनलिका दुसऱ्या उंदरात बसवली आणि तिच्या केशवाहिन्यांवर लक्ष ठेवलं. शरीर परकी नळी नाकारायला लागतं तेव्हा या केशवाहिन्या आधी नष्ट होतात, काही दिवस भिंत रक्ताविना राहते आणि मग व्रण धरतो. २०१० मध्ये त्यांनी माणसांत मोजलेले आकडे छापले. ब्राँकोस्कोपमधून एक बारीक सळी आत घालून तिच्या टोकावरचा प्रकाश नळीच्या भिंतीवर टाकायचा आणि परत येणाऱ्या रंगावरून त्या भिंतीतल्या रक्तात ऑक्सिजन किती ते काढायचं. रोपण झालेल्यांच्या नळीच्या भिंतीत तो निरोगी माणसांपेक्षा कमी निघाला.

हे वाचताना मी थांबलो. दोन्ही यंत्रं प्रकाशाचीच. आओयागींचं यंत्र फक्त ठोका देणाऱ्या धमनीतलं रक्त वाचतं, तेही बोटातलं. ते खोटं बोलत नव्हतंच. दादाचं रक्त खरंच ९७ टक्के भरलेलं होतं. एक बाजू आवळली तरी हवा थोडी जात होती आणि दुसरी बाजू सांभाळून घेत होती. मी त्या आकड्याला जो प्रश्न विचारत होतो, त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतंच. आणि ज्याच्याकडे होतं, त्या फुंकणीला मी चुकीच्या माणसाशेजारी उभं करून मोजत होतो. शिवाय दादाची शिट्टी होती. तिला मी नॉइज म्हणून काढून टाकलं.

या भुकेवर औषध निघेल का? पेशीला ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ नावाचं प्रथिन जागं होतं आणि नव्या रक्तवाहिन्या उगवायचा निरोप देतं. पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याचं कळतं कसं, हे उलगडणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. निकोल्स यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांच्या रोपण केलेल्या नळीत हे प्रथिन वाढवून केशवाहिन्या दुरुस्त होतात आणि व्रण कमी धरतो असं दाखवलं. पुढे डेफेरॉक्सामिन या लोह पकडून ठेवणाऱ्या औषधाचे सूक्ष्म कण सांध्यावर लावून बघितले, कारण लोह काढून घेतलं की एचआयएफ टिकतं. २०१८ मध्ये आणखी एक धागा सापडला. नाकारल्या जाणाऱ्या नळीत बारीक रक्तस्राव होतात, त्यातलं लोह भिंतीत साचतं आणि अ‍ॅस्परजिलस ही बुरशी त्या लोहाच्या जोरावर आत घुसते. दादाला दिलेल्या त्या वाफेचा अर्थ मला तेव्हा लागला. अर्थात लोहाचं हे सगळं उंदरांतलं. दादाच्या वेळी त्यातलं काही उपयोगाचं नव्हतं, फुगा आणि स्टेंटच होते.

मी डॉक्टरांना एकदा विचारलंच. आठ दिवस आधी आणलं असतं तर फरक पडला असता का? ते म्हणाले, बहुधा नाही. व्रण धरायला सुरुवात आधीच झाली होती, फुगा तेव्हाही लागलाच असता. मग थोडं थांबून म्हणाले, पण वाट आठ दिवस रुंद असती. तेवढ्यात न्यूमोनिया झाला असता तर गोष्ट वेगळी होती. मी मान हलवली. 'बहुधा नाही' हे उत्तर मी तेव्हापासून खिशात घेऊन फिरतोय. कधी त्यातल्या 'नाही'ने बरं वाटतं, कधी 'बहुधा' टोचतं.

वहिनींना मी चूक सांगितली त्याच संध्याकाळी. डॉलरचं चिन्ह वगैरे समजावून. त्या काही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी बघितलं नव्हतं का? मला पण वाटलंच होतं चार दिवस आधी. म्हटलं, भाऊजींनी केलंय, त्यांना कळतं." हे मात्र मला फार लागलं. माझ्या हिरव्या रंगाने त्यांचंसुद्धा बघणं बंद पाडलं होतं. तीन महिने त्या बाईने रोज सकाळी यंत्राचा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला, वर-खाली नजर फिरवली, आणि शंका आली तेव्हा माझ्या शीटकडे बघून गप्प बसल्या.

दादाला सांगायची मात्र हिंमत होत नव्हती. स्टेंट बसवल्यावर, मिरजेला परत आल्यावर सांगितलं. तो खिडकीत बसला होता, नळीशिवाय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रोज दीड टक्का घट. सोळा दिवसांनी किती उरलं? सांग."

मी मोबाइल काढला.

"तोंडी म्हटलं."

मला येईना. साधारण अठ्ठ्याहत्तर टक्के, असं त्यानेच सांगितलं, आणि मोठ्याने हसला. हसताना शेवटी जरा शिट्टी वाजली. वहिनींनी आणि मी एकदमच त्याच्याकडे बघितलं. "खोकला आहे रे," तो म्हणाला, "बघता काय?" तरी वहिनी उठल्या आणि फुंकणी घेऊन आल्या. २.१८. स्टेंटनंतर ठरलेल्या त्याच्या नव्या बेसलाइनच्या आसपासच.

आता रोपणाला दोन वर्षं उलटून गेलीत. स्टेंट काढलाय, संध्याकाळी दहावीच्या चार पोरांची शिकवणी घेतो, मास्क लावून. शीट अजून चालू आहे. तुलना आता एका दिवसाशी नसते, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे किमान तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन उत्तम आकड्यांच्या सरासरीशी असते, आणि तो सेल डॉलरने खिळवलेला आहे. एक नवा रकानाही घातलाय, 'दादा काय म्हणतो'. त्याला रंग नाही. तो रोज वाचावा लागतो. वही पण चालू आहे. तिसरी.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी शीट असेल, साखरेची, बीपीची, कशाचीही, तर आज एकदा उघडून बघा. फॉर्म्युला कुठल्या सेलकडे बोट दाखवतोय ते तपासा, आणि शेवटच्या ओळीत खोटा आकडा टाकून बघा, दुसऱ्या नाही.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.